खाऊ कीं खोडी?

अमेरिकेंत ३१ ऑक्टोबरचा सूर्य मावळला कीं गांवोगांवच्या आळ्यांतून एक विलक्षण वर्दळ सुरू होते. कोणी भूत, कोणी चेटकीण, कोणी समुद्रावरचा चांचा, अशीं सोंगें घेतलेलीं मुलें पिशव्या घेऊन दारोदार फिरतात, घंटा वाजवितात आणि "ट्रिक ऑर ट्रीट" अशी आरोळी ठोकतात. खाऊ द्या, नाहींतर खोडी काढूं, हा तिचा भावार्थ. घरची गृहिणी भ्याल्याचें नाटक करते आणि प्रत्येकाच्या पिशवींत चॉकलेट किंवा चार गोळ्या टाकते. ज्याच्या ओसरीवर दिवा लागला असेल त्याच्याकडे जावें, अंधार असेल तें घर सोडून द्यावें, एवढाच काय तो हॅलोवीनच्या रात्रीचा कायदा. धमकी खोटी आहे हें दोन्ही पक्षांस ठाऊक असतें. परंतु एके काळीं ती खरी होती, आणि ती खरी होती म्हणूनच हा खाऊ वांटण्याचा रिवाज अमेरिकेंत रुजला.

सणाचें मूळ जुनें आहे. आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्ट लोक हिंवाळ्याच्या आरंभीं एक सण पाळीत. पुढें ख्रिस्ती धर्मानें १ नोव्हेंबर हा दिवस सर्व संतांस व २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांस वाहिला. मध्ययुगीन इंग्लंडांत गोरगरीब या दिवसांत घरोघर जाऊन 'सोल-केक' नांवाची लहान गोड रोटी मागत आणि मोबदल्यांत त्या घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करीत. स्कॉटलंड-आयर्लंडांतील सोंगाडीं मुलें एखादें गाणें म्हणून फळें, सुका मेवा अथवा एखादें नाणें मिळवीत. १८४५ च्या सुमारास बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडांत दुष्काळ झाला, लाखों माणसें अमेरिकेस गेलीं, आणि त्यांच्या शिदोरीबरोबर हा सणही गेला. मात्र सोल-केकपासून चॉकलेटपर्यंत एकच अखंड दोरी ओढणें इतिहासास धरून होणार नाहीं. अमेरिकेंत बळावली ती प्रथम खोडी. खाऊ मागाहून आला.

आणि खोड्या तरी कसल्या! कुंपणाचीं फाटकें उचकटून पळवावीं, कांचांना साबण फांसावा, परसांतील शौचकूप उलथून टाकावा, शेतकऱ्याची गाडी सुटी करून कोठाराच्या छपरावर पुन्हां जोडून ठेवावी. खेड्यांत हें हंसण्यावारी गेलें. कारण खोडी कोणाच्या पोरानें काढली हें सर्वांना ठाऊक असे. शहरांत तसें नव्हतें. १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत या थट्टेला नासधुशीचें रूप आलें. आयोवा संस्थानांतील डे मॉइन शहरीं १९३८ सालच्या हॅलोवीनला पोलिसांकडे ५०० हून अधिक तक्रारी आल्या. तेथील क्रीडांगण-विभागानें मग मुलांसाठीं 'भिकाऱ्यांची रात्र' सुरू केली. अट एकच: विनोद सांगा, गाणें म्हणा, कांहींतरी करून दाखवा, आणि मगच खाऊ घ्या. डे मॉइनचीं मुलें विनोद सांगूनच खाऊ घेण्याची ही रीत पुढेंही पाळीत राहिलीं. शेजाऱ्यांच्या घरांत पोरांना मानानें बोलावून त्यांच्या हातचा साबण काढून घेण्याची ही युक्ति मोठी शहाणपणाची होती.

"ट्रिक ऑर ट्रीट" हे शब्द कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांतल्या ब्लॅकी गांवच्या १९२७ सालच्या बातमींत आढळतात. १९३९ सालीं 'अमेरिकन होम' मासिकांत डॉरिस हडसन मॉस या बाईंनीं हा उपाय देशभरच्या गृहिणींपुढें मांडला. तोंच युद्ध आलें. १९४२ पासून १९४७ पर्यंत साखरेवर नियंत्रण होतें, वांटणार काय? नियंत्रण उठल्यावर मात्र रिवाज वणव्यासारखा पसरला. १९४८ सालीं जॅक बेनीच्या लोकप्रिय रेडिओ-कार्यक्रमानेंही तो घरोघर ऐकविला. त्याच सुमारास लाँग आयलंडवरील लेव्हिटटाउनसारख्या नव्या वसाहती उठत होत्या. तरुण जोडपीं, सारख्या घरांच्या रांगा आणि शेजारी सगळे परके. अशा ठिकाणीं वर्षांतून एकदां प्रत्येक दार ठोठावण्याचा परवाना मुलांना मिळाला, आणि मुलांच्या मागें उभ्या असलेल्या आईबापांची ओळख आपोआप झाली. कोणाकडे सफरचंद मिळे, कोणाकडे पाकांत वळलेला मक्याच्या लाह्यांचा लाडू, कोणाकडे भट्टींतून नुकतीं निघालेलीं बिस्किटें. १९५० सालीं फिलाडेल्फियाच्या परिसरांतील कांहीं मुलांनीं दुधाच्या रिकाम्या खोक्यांत पैसे मागितले आणि जमलेले १७ डॉलर संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीस पाठविले.

मग शेजाऱ्याच्या हाताविषयीं शंका निघाली. १९६४ सालीं लाँग आयलंडवरील एका गृहिणीनें, इतक्या थोराड पोरांनीं खाऊ मागावा याचा राग येऊन, त्यांच्या पिशव्यांत मुंग्या मारण्याच्या विषारी गोळ्या, कुत्र्याचीं बिस्किटें व भांडीं घासण्याची तारेची लोकर टाकली. इजा कोणास झाली नाहीं, पण देशभर बोभाटा झाला. पुढें सफरचंदांत दाढीचीं पातीं सांपडल्याच्या वार्ता आल्या. १९७४ सालीं टेक्सासमध्यें आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड मिसळलेली साखर खाऊन मेला. ती एका शेजारच्या घरांतून मिळाली असें बापानें सांगितलें. चौकशीअंतीं सिद्ध झालें कीं विष घालणारा खुद्द बापच होता. मुलाच्या विम्याच्या रकमेवर त्याचा डोळा होता. १९८४ सालीं त्याला देहान्त शासन झालें. त्यापूर्वीं, १९८२ च्या शरदांत, शिकागोच्या परिसरांत टायलेनॉल या औषधांत कोणीतरी विष घालून सात माणसें मारलीं, आणि त्या वर्षींच्या हॅलोवीनवर भीतीचें सावट पडलें. रुग्णालयें मुलांच्या पिशव्यांचीं क्ष-किरण चित्रें काढूं लागलीं.

जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञानें एका सहकाऱ्यासह १९५८ पासूनच्या वृत्तपत्रांतील अशा बातम्या तपासल्या व निष्कर्ष १९८५ सालीं प्रसिद्ध केला. अनोळखी घरच्या खाऊनें एखादें मूल दगावल्याचें किंवा त्यास गंभीर इजा झाल्याचें एकही सिद्ध उदाहरण त्यांस आढळलें नाहीं. पुष्कळ वार्ता तर मुलांनींच रचलेल्या होत्या. (खोडी शेवटीं मुलांनींच काढली म्हणावयाची!) परंतु शेजारी निर्दोष ठरला तरी त्याच्या घरचा लाडू परत आला नाहीं. आईबाप घरीं परतल्यावर पिशवी टेबलावर ओतूं लागले, आणि कारखान्यांत वेष्टन लावलेलें तेवढें ठेवून बाकीचें टाकून देऊं लागले.

१९६५ च्या कायद्यानें आशियांतील लोकांना अमेरिकेचीं दारें मोकळीं झाल्यावर जीं मराठी कुटुंबें तिकडे स्थायिक झालीं, त्यांच्या घरीं कित्येक वर्षीं हॅलोवीन आणि दिवाळी एकाच आठवड्यांत येतात. ओट्यावर करंज्यांचा डबा भरलेला असतो. दाराची घंटा वाजली कीं गृहिणी तो तसाच ठेवते आणि दुकानांतून आणलेल्या चॉकलेटांची परडी उचलते.