घरची सुरा आणि सोबतीचे लोक

पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्त्याला लागून, मुळा-मुठेच्या कांठीं खराडी हें गांव आहे. एके काळीं तें शेतकऱ्यांचें गांव होतें. आतां तेथें कांचेच्या उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांत देशोदेशींच्या कंपन्यांचीं संगणकावरचीं कामें रात्रंदिवस चालतात. या इमारतींतील तरुण मंडळींपैकीं कांहीं जण जर्मनींत अगर अमेरिकेंत दोन-चार वर्षें काढून परत येतात आणि येतांना तिकडचे छंदही बरोबर आणतात. घरच्या घरीं बीअर करणें हा त्यांतलाच एक. असा हौशी गृहस्थ महिनाभर खपून दहा-वीस बाटल्या भरतो, आणि त्यांतल्या चार शनिवारच्या बैठकीस कचेरींतील सोबत्यांपुढें मोठ्या उमेदीनें ठेवतो. सोबती एक घोट घेतात, एकमेकांकडे पाहतात, "छान आहे हं" असें म्हणतात, आणि पेला मेजावर तसाच राहतो. मग बिचारा करणारा खट्टू होऊन मनाशीं ठरवितो कीं, या लोकांना चव म्हणून नाहीं.

कोणाचें नांव आम्ही येथें घेणार नाहीं, आणि त्याला कारण आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आतां महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो, परवान्यावांचून कोणतेंही मद्य तयार करण्यास मनाई करतो. स्वतःपुरतें केलें, विकलें नाहीं, मित्रांस फुकट पाजलें, या सबबी तेथें चालत नाहींत. इंग्लंडांत १९६३ सालीं घरगुती बीअरवरचा परवाना उठला. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यानें १९७८ सालीं तशी मोकळीक दिली. तेव्हां तिकडे जो निरुपद्रवी छंद, तोच खराडीस गुन्हा होतो. हा फरक कसा पडला, आणि ज्या सोबत्यांनीं पेला खालीं ठेवला त्यांचा त्यांत कितपत दोष, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम चवीची गोष्ट. जवाला मोड आणून, तो वाळवून भरडावयाचा आणि कढत पाण्यांत तासभर मुरत ठेवावयाचा, म्हणजे त्यांतील पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळावयाचा. हीं फुलें कडू असतात आणि पेय टिकवितात. काढा निवाला कीं त्यांत किण्व घालावयाचें. आमच्या वाचक भगिनींना विरजणाचा दृष्टान्त दिला म्हणजे पुरे. फरक इतकाच कीं, विरजण दुधाचें दहीं करतें आणि किण्व साखरेचा मद्यार्क करतें. दोन आठवड्यांनीं बाटल्या भरतांना थोडी साखर टाकली कीं बाटलींतच वायु धरतो आणि तळाशीं गाळ बसतो. अशी बीअर गढूळ, कडवट, कधीं किंचित् आंबूस असते, आणि ती फार गार करून प्यावयाची नसते. दुकानांतली बीअर याच्या अगदीं उलट : गाळून आरशासारखी स्वच्छ केलेली, बर्फासारखी गार, चवीला सौम्य. आपल्याकडे खपते ती बहुतेक 'स्ट्राँग' जातीची, आठ टक्क्यांच्या आसपास मद्यार्काची. कारण कराचा बोजा इतका कीं गिऱ्हाईक पैशाच्या मोबदल्यांत चव मोजीत नाहीं, चढ मोजतें. जी जीभ या पेयावर वाढली, तिला घरची बाटली बिघडल्यासारखी वाटावी यांत नवल नाहीं.

आणि ही दुकानी जीभ तरी पुणेकरांनीं कोठून आणली? १८१७ सालीं खडकीची लढाई झाली आणि इंग्रजांची छावणी पुण्यास कायमची बसली. गोऱ्या शिपायांसाठीं बीअरचीं पिंपें जहाजांतून येत. लंडनजवळच्या 'बो' येथील हॉजसन याची हॉप जास्त घातलेली बीअर हिंदुस्थानच्या व्यापारांत नांवाजली होती. पुढें एकोणिसाव्या शतकांत एडवर्ड डायर यानें कसौलीस भट्टी काढली (जालियनवाला बागेंतला डायर याचाच मुलगा), आणि त्याच्या भट्ट्या विकत घेणाऱ्या मीकिन यानें जे आणखी कारखाने उभारले त्यांत एक खडकीचा होता. तेव्हां पुण्याची बीअर प्रथमपासून छावणीची वस्तु. घराशीं तिचा संबंध नव्हता.

मात्र घरीं मद्य आंबविणें ही विद्या परकी आहे असें कोणी म्हणेल तर त्यानें कौटिल्याचें अर्थशास्त्र उघडावें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना सांपडलेली ही पोथी १९०९ सालीं छापून निघाली. तिच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें एक प्रकरण आहे, आणि त्यांत मद्याच्या कृती एखाद्या पाकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणें मापांसह दिल्या आहेत. मेदक नांवाच्या मद्याला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. द्रोणाचे सोळा प्रस्थ व आढकाचे चार, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सोळा मापें पाण्यास दोन मापें तांदूळ आणि तीन मापें किण्व असा हिशेब होतो. तांदळाहून किण्व जास्त कां, असें वाचक विचारील. त्याचें उत्तर पुढेंच आहे : हें किण्व म्हणजे नुसतें खमीर नसून उडदाच्या वाटणांत तांदूळ व कांहीं वनस्पती मिसळून केलेला लगदा असे. उडीद आणि तांदूळ एकत्र आंबविण्याची ही युक्ति आमच्या स्वयंपाकघरांत आजही आहे. तिची इडली होते म्हणून तिच्याकडे कोणी वांकड्या नजरेनें पाहत नाहीं, इतकेंच.

कौटिल्य मद्य सरकारच्या हातीं ठेवतो. नेमल्या जागेबाहेर करणाऱ्यास, विकणाऱ्यास आणि विकत घेणाऱ्यासही सहाशें पण दंड. चारित्र्याची खात्री असलेल्या माणसासच थोड्या मापानें बाहेर नेऊं द्यावें. इतरांनीं तेथेंच प्यावें, आणि त्या पानगृहांत निरनिराळे कक्ष, बिछाने, फुलें, सुगंध, पाणी अशी ऋतूप्रमाणें सोय असावी. (कोण किती खर्च करतो हें पाहावयास हेर असावेत, हेंही तो विसरत नाहीं.) परंतु इतका कडक पुरुषही एका ठिकाणीं हात सैल सोडतो. घरांत कार्य असेल तेव्हां कुटुंबवाल्यांनीं श्वेतसुरा करावी, औषधासाठीं अरिष्ट करावें, आणि उत्सव, मेळे व यात्रा यांत चार दिवस मोकळीक द्यावी, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. म्हणजे घरची सुरा व चारचौघांत ती वांटणें या गोष्टी त्या तिजोरीच्या रक्षकालाही मान्य होत्या.

त्याच प्रकरणांत आणखी एक सूचना आहे, आणि खराडीच्या हौशी मंडळींनीं ती जरूर वाचावी. सुरा स्वस्त किंवा उधार देऊं नये. बिघडलेली असेल तर गोष्ट निराळी. तशी सुरा दुसरीकडे विकवावी, किंवा दासांना व मजुरांना वेतन म्हणून द्यावी, नाहींतर ओझ्याच्या जनावरांस अगर डुकरांस घालावी. मजूर आणि डुकरें एका ओळींत बसविणारी ही व्यवस्था वाचून अंगावर कांटा येतो. त्या मजुरांनीं ती सुरा घेतांना काय म्हटलें असेल, याची नोंद अर्थातच कोणी केली नाहीं.

काम आणि मद्य यांचा हा संबंध जगभर दिसतो. मेसोपोटेमियांत व मिसर देशांत कामकऱ्यांच्या शिध्यांत भाकरीबरोबर बीअर असे. इंग्लंडांत कापणीच्या दिवसांत शेतमजुरास मजुरीचा भाग म्हणून बीअर मिळे. ती चांगली कीं पाणचट हें मालकाच्या मर्जीवर. अखेर १८८७ च्या कायद्यानें शेतीच्या नोकरांस मजुरीच्या पोटीं मादक पेय देणें बंद झालें. या सर्वांत देणारा वर आणि घेणारा खालीं होता. नापसंती दाखविण्याची सोयच नव्हती. खराडींत देणारा आणि घेणारा एकाच पगारपत्रकावर असतात. घेणाऱ्यानें पेला खालीं ठेवला तर त्याचा पगार कापला जात नाहीं, आणि पेला खालीं ठेवण्याची ही मोकळीक आम्हांस त्या बीअरहून मोलाची वाटते.

कौटिल्यानें दिलेली घरची सवलत मात्र पुढें गेली. उत्तर पेशवाईंत पुण्याच्या मुलखांत दारू गाळण्यास मनाई असतांही पेशव्यांच्या तोफखान्यांतील ख्रिस्ती गोलंदाजांना स्वतःपुरती भट्टी ठेवण्याची मोकळीक होती. इतरांस विकण्याची नव्हती. इंग्रजी अमलांत प्रश्न धर्माचा न राहतां उत्पन्नाचा झाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें, अबकारीचे कमिशनर प्रिचर्ड यांच्या देखरेखीखालीं, गांवोगांवच्या लहान भट्ट्या मोडून मद्य मोठ्या मक्तेदारांच्या हातीं दिलें, आणि ताडीच्या झाडाझाडावर कर बसला. तेवढ्यानें भागेना, कारण ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचें फूल रानांत फुकट पडत होतें. तेव्हां १८९२ सालीं खुद्द फुलांचाच बंदोबस्त करणारा कायदा झाला. वारली आणि कातकरी यांच्या घरीं लग्नांत, देवकार्यांत, भातलावणीस मदतीला आलेल्या शेजाऱ्यांपुढें जें पेय ठेवीत, तें चोरटें ठरलें; आणि तोच माणूस मक्तेदाराच्या दुकानांत पैसे मोजून प्याला तर कायदेशीर! घरची वस्तु गुन्हा आणि दुकानची वस्तु महसूल, ही वांटणी तेव्हां पक्की झाली. खराडीच्या सुशिक्षितास कायदा आड येतो तो एखाद्या शनिवारच्या गमतीपुरता. त्या रानांतल्या माणसाच्या झोंपडींत शिपाई शिरला, मडकीं फुटलीं, आणि दंड भरण्यास त्याला सावकाराकडे जावें लागलें. दोघांच्या तक्रारी एका तराजूंत घालूं नयेत.

आतां पेला खालीं ठेवणाऱ्यांची बाजू. पुण्यांत मद्याला नकार देण्याचीही एक परंपरा आहे आणि ती केवळ सोंवळ्याची नाहीं. जुलै १८८० मध्यें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद असलेले जोतीराव फुले यांनीं शहरांत दारूचीं दुकानें वाढत असल्याबद्दल लेखी तक्रार केली. गरिबांचे संसार त्यांत बुडत होते आणि सरकारला उत्पन्न होत होतें. १९०८ च्या वसंतांत टिळकांच्या अनुयायांनीं पुण्यांतील दारूच्या गुत्त्यांवर पहारे बसविले. जोतीराव आणि टिळक यांचें फार थोड्या गोष्टींत एकमत झालें असेल. त्यांत ही एक. १९३९ सालीं खेर मंत्रिमंडळानें, डॉक्टर गिल्डर यांच्या पुढाकारानें, मुंबई शहरांत दारूबंदी आणली, आणि १९५० सालीं ती सबंध इलाख्यांत आली. पुढें ती बंदी सैल झाली. ती सुरू असतांना चोरट्या दारूचें काय पीक आलें हें सर्वश्रुत आहे. पण ज्या घरांत बाप पिऊन आला कीं मुलें कोपऱ्यांत बसत, त्या घरांतून शिकून वर आलेला तरुण खराडींत असतो, आणि त्याला हॉपचा सुगंध समजावून सांगण्यांत अर्थ नसतो. कोणाचा श्रावण असतो, कोणाचा धर्म आड येतो, कोणाला गाडी चालवीत घरीं जावयाचें असतें.

आणि सोबत्यांबरोबर पेला हातीं धरणें ही गोष्ट पुण्यांत कधींच साधी नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानास जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. मंडळींत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा प्याले, कोणी यजमानांचें मन राखण्यापुरता पेला ओंठांस लाविला, कोणी तो हातांत घेऊन तसाच खालीं ठेवला. बेत गोपाळराव जोशी यांचा. त्यांनींच नांवें 'पुणें वैभवा'त छापून आणलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, आणि प्रायश्चित्तांवरून वर्ष-दीड वर्ष शहर भांडत राहिलें. पेयाच्या चवीविषयीं त्या सर्व गदारोळांत कोणी अवाक्षर काढलें नाहीं. चहा चांगला होता कीं नव्हता हें आज कोणासही ठाऊक नाहीं! पेय कोणाच्या हातचें, कोणाबरोबर आणि कोणाच्या देखत, एवढाच काय तो प्रश्न होता. खराडीच्या मेजावर जातीचा प्रश्न आतां उघडपणें कोणी काढीत नाहीं, ही प्रगति खरी. परंतु "कोणाच्या देखत" हा प्रश्न तेथेंही उरतोच, विशेषतः वरिष्ठ समोर असले म्हणजे.

छंदाला कायद्याची वाट अगदींच नाहीं असें नव्हे. २००९ सालीं पुण्यांतच 'डूलाली' नांवाची बीअरची छोटी भट्टी परवान्यानें निघाली. अशा भट्ट्यांपैकीं महाराष्ट्रांतली ती पहिली. तिचें नांव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलें. परतीच्या जहाजाची वाट पाहत त्या छावणींत कंटाळलेले गोरे शिपाई वेडेपिसे होत, म्हणून इंग्रजींत 'डूलाली' म्हणजे डोकें फिरलेला असा अर्थ रूढ झाला. त्यानंतर पुण्यांत, खराडीच्या समोर नदीपलीकडल्या मुंढव्याच्या बाजूसही, अशीं ठिकाणें निघालीं. तेथें गढूळ गव्हाची बीअर लोक पैसे देऊन पितात आणि नांवाजतातही. घरच्या बाटलीला नाक मुरडणाऱ्यांपैकीं कांहीं जण तेथें असतील.

घरच्या बाटलीला खरा जाणकार भेटलाच तर तो बहुधा अनपेक्षित दिशेनें येईल. पालघरकडचा किंवा नंदुरबारकडचा एखादा मुलगा आतां त्याच इमारतींत काम करीत असतो. तळाचा गाळ, आंबूस वास, गढूळ रंग यांचें त्याला कांहींच वाटत नाहीं. आजीच्या घरीं पेय असेंच असे. तो दुसरा पेला मागतो आणि विचारतो, "किण्व कुठून आणलं?"