अ‍ॅक्रिलिक कापण्याची रीत : हातकरवतीपासून राऊटरपर्यंत

वसईत रेल्वेमार्गाच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अशा वसाहतींत दुकानांच्या पाट्यांना लागणारे अ‍ॅक्रिलिक कसे कापले जाते, यालाही इतिहास आहे. काचेसारखे पारदर्शक असे हे प्लास्टिक 1933 मध्ये जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने विक्रीस आले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छतांसाठी वापरले गेले. पुढे पाट्यांची अक्षरे त्यातून हातकरवतीने कापली जाऊ लागली.

हातकरवतीनंतरचा टप्पा यंत्राचा. यंत्राला आकड्यांनी हुकूम देण्याची कल्पना अमेरिकन कारखानदार जॉन पार्सन्स यांची. तिचे प्रात्यक्षिक एमआयटी संस्थेत 1952 मध्ये झाले, तेव्हा हे आकडे छिद्रांच्या कागदी फितीवर असत. 2005 चा आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक आणि 2009 चा जीआरबीएल हा मोफत प्रोग्रॅम यांमुळे हे तंत्र हौशी माणसाच्या टेबलावर आले, आणि या प्रवासातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा.

मात्र अ‍ॅक्रिलिक साधारण 105 अंश सेल्सियसला मऊ पडते, त्यामुळे अशा आकड्यांवर चालणाऱ्या राऊटर या कापयंत्राचे फिरते पाते एकाच जागी रेंगाळले की कीस वितळून मागच्या खाचेत पुन्हा चिकटतो. म्हणून एकधारी पाते घेऊन पुढे सरकण्याचा वेग पुरेसा ठेवतात, कारण जाड कीस उष्णता स्वतःबरोबर बाहेर नेतो. साच्यात ओतलेला तक्ता दाबून काढलेल्या तक्त्यापेक्षा स्वच्छ कापला जातो. लेझरने कड चकचकीत होते, राऊटरची कड दुधी राहते व घासावी लागते. तरीही ठरावीक खोलीची खोबणी काढायची असेल, तर राऊटरच अधिक भरवशाचा.