जेवायला बसलं की कुत्रा ताटासमोर का बसतो? ही सवय लावतं कोण आणि मोडायची कशी?

संध्याकाळी ताटं वाढली की वस्तीवरचा कुत्रा बरोबर उंबऱ्यात येऊन बसतो. नजर भाकरीवर, कान ताठ, शेपटी हळूहळू हलतेय. घास तोंडाकडे गेला की त्याची मान वर, हात ताटात गेला की मान खाली. शेवटी म्हातारीला राहवत नाही. ती चतकोर तोडून टाकते. कुत्रा एका दमात गिळतो आणि पुन्हा तिथंच बसतो.

यात वाईट काय, असं कोणालाही वाटेल. पण हाच कुत्रा उद्या ओसरीवर बसलेल्या लहान पोराच्या हातातली भाकरी ओढतो आणि दात लागतो. ताटातल्या तुकड्याबरोबर त्याच्या पोटात कांदा-लसूण आणि टोकदार हाडंही जातात. म्हणून या सवयीची माहिती प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्या घराला हवी.

आधी बघा, भूक आहे की सवय?

कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागल्या पण लांबून मोजता आल्या नाहीत, तर अंग साधारण बरोबर आहे. बरगड्या उघड्या दिसत असतील, तर पोट भरत नाही किंवा पोटात जंत आहेत. पिलांना दूध पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीपेक्षा बरंच जास्त खाणं लागतं. भरपूर खाऊनही कुत्रा वाळत चालला असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं.

अंगानं चांगला असलेला, नुकताच खाल्लेला कुत्राही ताटापुढे बसत असेल, तर ती सवय समजायची.

सवय लागते कशी?

कुत्रा माणसाजवळ किमान १५ हजार वर्षांपासून आहे. माणसाच्या उरल्यासुरल्यावरच त्याच्या पिढ्या जगल्या. २०१३ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार, पिठूळ अन्न पचवायला लागणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून त्याला भाकरी पचते. २०१९ च्या आणखी एका संशोधनात दिसलं, की डोळ्यावरची आतली भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, लांडग्यात तो जवळपास नसतोच. ते 'बिचारं तोंड' होतं ते या स्नायूमुळे. त्या तोंडाला आपण भुलतो आणि तुकडा टाकतो.

रशियाचे शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना पचनक्रियेवरच्या कामासाठी १९०४ मध्ये नोबेल मिळालं. अन्न समोर येण्याआधी, अन्न देणाऱ्याची चाहूल लागली तरी कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडे ते काम ताटाचा आवाज करतो. भांडं वाजलं की कुत्रा हजर.

खरी गोम पुढं आहे. रोज तुकडा मिळणारा कुत्रा तो बंद झाला की लवकर नाद सोडतो. पण कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर कुत्रा जास्त चिकाटीनं बसतो. मटका खेळणाऱ्यासारखंच आहे. आज नाही लागला, उद्या लागेल. घरातले चौघे हाकलतात आणि एक जण गुपचूप तुकडा टाकतो, तेव्हा नेमकं हेच होतं. 'हाड हाड' केल्यानंही भागत नाही. कुत्रा दोन पावलं मागं सरतो, कारण आपल्याकडे लक्ष आहे एवढं त्याला कळलेलं असतं.

ताटातलं काय देऊ नये?

- कांदा, लसूण: कच्चा असो की शिजलेला. यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून मटणाचा रस्सा, आमटी, वाटण लागलेली भाजी नको.
- शिजवलेली हाडं: शिजलेलं हाड चावताना फुटून टोकदार कपच्या होतात. त्या घशात, आतड्यात रुततात. कोंबडीची हाडं तर नकोच.
- द्राक्षं, बेदाणे, मनुका: काही कुत्र्यांची मूत्रपिंडं यामुळे निकामी होतात. बेदाणा शेडवर कुत्रा असेल तर ध्यानात ठेवा.
- चॉकलेट: पोरं लाडानं देतात, पण कुत्र्याला ते विषारी आहे.
- तळलेलं, तेलकट: एकदम जास्त खाल्लं तर उलट्या होतात, स्वादुपिंडाला सूज येते.
- कच्ची आतडी, फुप्फुसं: बोकड कापल्यावर ती कुत्र्याला टाकू नका. त्यातून होणारे जंत कुत्र्याच्या विष्ठेवाटे माणसापर्यंत येतात आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

भाकरी, चपाती, मसाला न घातलेला भात, उकडलेलं अंडं, हाड काढलेलं बिनमसाल्याचं मटण चालतं. दूध सगळ्याच कुत्र्यांना पचत नाही. हगवण लागली तर बंद करावं.

सवय मोडायची कशी?

१. घरच्यांच्या आधी कुत्र्याला वाढा. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, त्याच्याच थाळीत, ठरलेल्या जागी.

२. जेवणं होईपर्यंत कुत्रा अंगणात किंवा गोठ्याजवळ बांधा. तिथं पाणी आणि सावली हवी.

३. मारू नका, ओरडू नका, बघूही नका. तो शांत पडून राहिला, तर जेवण झाल्यावर त्याच्या थाळीतच एक तुकडा टाका. हातातून नको, ताटाशेजारी तर नकोच.

४. म्हातारी माणसं, पोरं, पाहुणे सगळ्यांना सांगा. एकानं मोडलं तरी सगळ्यांची मेहनत वाया जाते.

५. पहिले काही दिवस कुत्रा जास्त भुंकेल, पंजा मारेल. यात घाबरायचं नाही. या दिवसांत हार मानून तुकडा टाकला, तर 'भुंकलं की मिळतं' हे तो नव्यानं शिकतो. बरेच जण इथंच चुकतात.

दात लागला तर?

खाताना लहान पोराला कुत्र्याजवळ एकटं सोडू नये. खात असलेल्या कुत्र्यालाही पोरांनी हात लावू नये. घरच्या कुत्र्याचा दात लागला, नुसतं खरचटून रक्त आलं, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद, तेल काही लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस द्या, पुढं डॉक्टरांच्या सल्ल्यानं दरवर्षी. जंताचं औषधही वेळच्या वेळी द्या.

घास बंद करायचा नाही

आपल्याकडे कुत्र्याला खंडोबाच्या दारात मान आहे. श्राद्धाला गाय आणि कावळ्याबरोबर त्याचाही घास काढतात. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली तेव्हा संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. रात्री शेत आणि गोठा राखणाऱ्या जिवाला उपाशी ठेवायचं, असं कोणी सांगत नाही.

त्याचा घास त्याच्या थाळीत, त्याच्या वेळेला आणि आपल्या आधी पडू द्या. पोट भरलेला कुत्रा उंबऱ्यात बसला तरी बसू द्या. त्याला ताटातलं न देणं, यात त्याचं आणि घरातल्या पोरांचंही भलं आहे.