मॅग्नेटो म्हणजे काय? साताऱ्याच्या प्रिया स्कूटरपासून छोट्या विमानापर्यंत, ठिणगीचं टायमिंग समजून घेऊ

छोट्या विमानाची बॅटरी हवेत असताना पूर्ण मेली, तर इंजिन बंद पडेल का?

बहुतेक जणांचं उत्तर 'हो' असतं. खरं उत्तर 'नाही' असं आहे. सेस्ना १७२ सारख्या चार सीटच्या विमानात बॅटरी गेली, अल्टरनेटर गेला, रेडिओ आणि दिवे बंद झाले, तरी इंजिन चालू राहतं. याचं कारण म्हणजे मॅग्नेटो. हा भाग बाहेरून वीज घेत नाही. इंजिन फिरतंय तोपर्यंत तो स्वतःची वीज स्वतः तयार करतो आणि प्लगला ठिणगी देतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, विमान दुरुस्तीत नाही. त्यामुळे हा लेख समजून घेण्यासाठी आहे, पाना हातात घेण्यासाठी नाही. विमानाच्या इंजिनावरचं काम परवानाधारक एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, त्या इंजिनाचं मॅन्युअल समोर ठेवून करतो आणि त्यावर सही करतो. आपल्याकडे हा परवाना डीजीसीए देतं. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी त्यात बी१.२ अशी वेगळी कॅटेगरी आहे.

आधी ओळखीचं उदाहरण: प्रिया

सातारा-सांगलीकडच्या वाचकांना मॅग्नेटो नवा नाही, फक्त नाव विसरलेलं असतं. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी सुरू झाली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार होऊ लागली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांचा तो एकत्र उद्योग. व्हेस्पाच्या घराण्यातलं हे टू-स्ट्रोक इंजिन. रेस वाढवली की हेडलाइट उजळायचा आणि सिग्नलला थांबलं की मंद व्हायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी मॅग्नेटोचंच काम पाहिलंय. वीज थेट फिरणाऱ्या चाकातून येत होती, म्हणून फेरे कमी तर उजेड कमी.

त्या चाकाला फ्लायव्हील मॅग्नेटो म्हणतात. चाकाच्या आतल्या बाजूला कायमचे चुंबक बसवलेले असतात. चाकाच्या आत न फिरणारी एक प्लेट असते. तिच्यावर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट असतात. आजही तासगावच्या द्राक्षबागेतला पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप किंवा गवत कापायचं मशीन दोरी ओढून सुरू होतं, तेव्हा हेच तत्त्व काम करतं. फक्त पॉइंटच्या जागी आता इलेक्ट्रॉनिक सर्किट आलंय.

किर्लोस्करवाडीच्या परिसरातल्या विहिरींवर चालणारं डिझेल इंजिन मात्र यात बसत नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही, ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं. तिथे टायमिंग असतं ते डिझेल फवारण्याचं.

ठिणगी तयार कशी होते?

चार पायऱ्यांत बघू.

१. चुंबक फिरतो, त्यामुळे कॉइलच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र सतत दिशा बदलतं.
२. त्यामुळे जाड तारेच्या प्रायमरी कॉइलमध्ये प्रवाह वाहू लागतो. या वेळी पॉइंट बंद, म्हणजे एकमेकांना चिकटलेले असतात.
३. प्रवाह भरात असताना कॅम पॉइंट उघडतो. प्रवाह एकदम तुटतो. कंडेन्सर पॉइंटवर ठिणग्या उडू देत नाही, त्यामुळे तोडणं स्वच्छ होतं.
४. चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांच्या सेकंडरी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तो प्लगच्या फटीतून उडी मारतो. हीच ठिणगी.

हाय-व्होल्टेज मॅग्नेटो १९०२ साली बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी तयार केला. म्हणजे तंत्रज्ञान सव्वाशे वर्षांच्या आसपासचं आहे, आणि तरी आजही शिकाऊ विमानांमध्ये रोज वापरात आहे.

तिसरी पायरी लक्षात ठेवा. पॉइंट उघडतो तो क्षण म्हणजेच ठिणगीचा क्षण. पुढचं सगळं टायमिंग या एका वाक्यावर उभं आहे.

टायमिंग कशाचं?

पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागेला टीडीसी, टॉप डेड सेंटर म्हणतात. ठिणगी तिथे पडावी असं वाटतं, पण ती आधी पडावी लागते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण स्फोटासारखं एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. सगळ्यात जास्त दाब पिस्टन खाली यायला लागल्यावर थोड्याच अंशांत मिळाला पाहिजे, तरच तो दाब क्रँकला नीट फिरवतो.

लायकमिंगच्या ओ-३२० मालिकेतल्या बहुतेक इंजिनांना ठिणगी टीडीसीच्या २५ अंश आधी लागते. ओ-२३५ च्या काही प्रकारांना २० अंश. नेमका आकडा इंजिनावरच्या डेटा प्लेटवर कोरलेला असतो आणि तोच खरा मानायचा.

आता थोडा हिशेब. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणजे १४,४०० अंश. २५ अंश पार करायला सुमारे १.७ मिलिसेकंद लागतात. एका अंशाला जेमतेम ०.०७ मिलिसेकंद. इतक्या बारीक वेळेचं गणित सॉफ्टवेअर नाही, तर एक कॅम आणि दोन नटबोल्ट सांभाळतात.

चुकलं तर काय होतं?

- ठिणगी फार लवकर: पिस्टन वर येत असतानाच दाब वाढतो. सिलिंडर हेड तापतं, डेटोनेशनचा धोका वाढतो, पिस्टन जळू शकतो.
- ठिणगी फार उशिरा: ताकद कमी होते, जळणं लांबतं आणि एक्झॉस्ट जास्त गरम होतो. टेकऑफला, धावपट्टी संपत आलेली असताना, ही कमी ताकद महागात पडते.

स्कूटर आणि विमान: फरक कुठे?

प्रियात एक सिलिंडर, एक प्लग, एक मॅग्नेटो. टायमिंगसाठी प्लेटच्या लांबट भोकांमधले स्क्रू सैल करून प्लेट थोडी फिरवायची. फ्लायव्हील क्रँकवर अर्धचंद्राच्या आकाराच्या छोट्या कीनं अडकलेलं असतं. ती की कातरली गेली की चाक सरकतं, टायमिंग बिघडतं आणि किक उलटी बसते. कार्बोरेटर, प्लग, सगळं बदलूनही गाडी सुरू होत नसेल तर जुने मेकॅनिक चाक काढून ही की बघतात, ते यासाठीच.

विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो. एक गेला तर दुसऱ्यावर विमान उतरवता येतं. शिवाय दोन बाजूंनी पेटल्यामुळे मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. चार सिलिंडरच्या इंजिनात मॅग्नेटो क्रँकच्याच वेगानं फिरतो आणि फेऱ्याला दोन ठिणग्या देतो. आतला डिस्ट्रिब्युटर अर्ध्या वेगानं फिरून त्या योग्य सिलिंडरला वाटतो. लायकमिंगच्या चार सिलिंडरमध्ये क्रम असतो १-३-२-४.

आणखी एक खास भाग म्हणजे इम्पल्स कपलिंग. इंजिन सुरू करताना प्रोपेलर हळू फिरतो. त्या वेगात मॅग्नेटो पुरेशी वीज देत नाही, आणि २५ अंश आधी ठिणगी पडली तर इंजिन उलटा झटका देईल. म्हणून कपलिंग मॅग्नेटोला अडवून धरतं, त्यातली स्प्रिंग ताणली जाते आणि टीडीसीच्या जवळ एकदम सुटते. मॅग्नेटो क्षणभर जोरात फिरतो, ठिणगी दमदार आणि उशिरा पडते. प्रोपेलर हातानं फिरवताना 'टक' आवाज येतो तो हाच.

मॅग्नेटो बसवतात कसा?

टायमिंग दोन असतात. पहिलं मॅग्नेटोच्या आतलं: चुंबक ठरावीक जागी असताना पॉइंट उघडला पाहिजे. ते वर्कशॉपच्या टेबलावर जुळवतात. दुसरं मॅग्नेटो आणि इंजिन यांच्यातलं. दुसऱ्याचा क्रम साधारण असा:

१. प्रत्येक सिलिंडरचा वरचा प्लग काढतात. यामुळे कॉम्प्रेशन राहत नाही, म्हणजे इंजिन चुकूनही पेटणार नाही.
२. एक नंबर सिलिंडरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक शोधतात. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून प्रोपेलर फिरवला की हवा अंगठा ढकलते. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो, त्यातला बरोबर कोणता हे इथे कळतं.
३. क्रँक २५ अंशांच्या खुणेवर आणतात. लायकमिंगमध्ये स्टार्टरच्या दातेरी चाकावरची खूण स्टार्टरच्या बॉडीवरच्या बारीक छिद्रासमोर यावी लागते. खुणेच्या मागे जाऊन, फिरण्याच्या दिशेनंच खुणेपर्यंत यायचं. गिअरच्या दातांमध्ये सैलपणा असतो, उलट दिशेनं आलात तर तो सैलपणा मोजमापात शिरतो.
४. मॅग्नेटो पिननं लॉक करतात. स्लिक मॅग्नेटोत यासाठी टायमिंग पिन असते. ती घातली की आतला चुंबक पॉइंट उघडण्याच्या जागी अडकतो.
५. नवीन गॅस्केटसह मॅग्नेटो बसवून नट हलके लावतात, आणि लगेच पिन काढतात. पिन आत असताना प्रोपेलर हलवला तर डिस्ट्रिब्युटरचे दात तुटतात.
६. टायमिंग लाइट लावतात. पॉइंट उघडला की या डब्यावरचा दिवा बदलतो, यंत्रानुसार लागतो किंवा विझतो. मॅग्नेटोची बॉडी थोडी डावी-उजवी फिरवून दिवा बरोबर खुणेवर बदलेल असं करतात.
७. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळतात आणि पुन्हा तपासतात. आवळताना बॉडी सरकू शकते. दोन्ही मॅग्नेटो एकत्रही तपासतात.

सगळ्यात धोक्याची तार: पी-लीड

घरातला स्विच बंद केला की वीज तुटते. मॅग्नेटोचा स्विच उलटा चालतो. 'ऑफ' केलं की पी-लीड नावाची तार मॅग्नेटोची प्रायमरी कॉइल जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या बॉडीला जोडते. मग पॉइंट उघडूनही प्रवाह तुटत नाही आणि ठिणगी पडत नाही.

याचा अर्थ असा की ही तार तुटली तर चावी 'ऑफ' असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलं असेल आणि कोणी प्रोपेलर हातानं फिरवला, तर इंजिन एक-दोन फेरे घेऊ शकतं. माणूस गंभीर जखमी व्हायला किंवा जीव जायला तेवढं पुरतं. टायमिंग तपासतानाही पी-लीड काढलेली असते किंवा स्विच 'बोथ'वर असतो, म्हणजे मॅग्नेटो जिवंतच असतो. पहिली पायरी प्लग काढण्याची का, ते आता लक्षात येईल.

कराडच्या किंवा बारामतीच्या धावपट्टीवर कधी छोटं विमान जवळून बघायला मिळालं, तर एवढं पाळा: चावी वैमानिकाच्या हातात दिसली तरी प्रोपेलरला हात लावायचा नाही. फोटोसाठीसुद्धा नाही.

वैमानिक काय तपासतो?

टेकऑफच्या आधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. सेस्ना १७२एस मध्ये ही तपासणी १८०० फेऱ्यांवर होते. एका मॅग्नेटोवर फेरे थोडे कमी होतात, ते १५० पेक्षा जास्त कमी होऊ नयेत आणि दोघांमधला फरक ५० पेक्षा जास्त नसावा.

- फेरे फार पडले: प्लग खराब, किंवा त्या मॅग्नेटोचं टायमिंग मागे.
- फेरे अजिबात पडले नाहीत: ही खुशखबर नाही. पी-लीड तुटली असेल आणि मॅग्नेटो बंदच होत नसेल, किंवा टायमिंग फार पुढे असेल.

पण एक मर्यादा आहे. दोन्ही मॅग्नेटो सारखेच चुकीचे बसवले असतील तर फरक दिसणार नाही आणि ही तपासणी पास होईल. आमच्या क्षेत्रात बोलायचं तर, दोन सर्व्हरची घड्याळं एकमेकांशी जुळतायत यावरून वेळ बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. म्हणून मोजायचं ते क्रँकच्या खुणेपासून.

नेहमीचे प्रश्न

मॅग्नेटो किती दिवसांनी तपासतात? स्लिक मॅग्नेटो साधारण दर ५०० तासांनी उघडून तपासावा लागतो. पॉइंट झिजले की उघडण्याची वेळ सरकते, म्हणजे कोणी हात न लावताही टायमिंग हळूहळू बदलतं.

नवीन विमानांतही हेच असतं का? सगळीकडे नाही. रोटॅक्स ९१२ सारख्या इंजिनात दुहेरी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं. त्यात पॉइंट नाहीत आणि त्यांची झीजही नाही. पण तिथेही इग्निशनची वीज इंजिनावरच्या जनरेटर कॉइलमधूनच येते, बॅटरीतून नाही.

घरच्या जुन्या स्कूटरवर हे करून बघू का? स्कूटरवर जरूर शिका. फीलर गेजनं पॉइंटची फट मोजा, चाक हातोडीनं न ठोकता पुलरनं काढा, आणि की शाबूत आहे का ते बघा. पॉइंट उघडला की ठिणगी, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विमानाचं मॅन्युअल वाचायलाही सोपं जातं.