लग्न एक, न्यायालये दोन

भाईंदर स्थानकातून पश्चिमेस निघाले की मिठागरे मागे पडतात आणि पुढे डोंगरी, उत्तन, पाली, चौक ही गावे लागतात. तेथील ख्रिस्ती कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन मंडळींची लग्ने आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणावयाचे, मग चर्चमध्ये फादरांपुढे वचने द्यावयाची, साक्षीदारांनी नोंदवहीत सह्या करावयाच्या, की लग्न पुरे झाले. देवाच्या घरीही झाले आणि सरकारदरबारीही झाले. ते कायदेशीर ठरावे म्हणून आणखी कोठे जावे लागत नाही.

परंतु तेच लग्न मुळातच निरर्थक होते असे ठरवून घ्यावयाचे झाले, म्हणजे दारे दोन होतात. एक चर्चचे, दुसरे सरकारचे. आणि एका दारातून बाहेर पडलेला मनुष्य दुसऱ्याच्या हिशेबी अजून आतच असतो. आम्ही धर्मशास्त्री नव्हे आणि वकीलही नव्हे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि कायदा जो शिकलो तो कज्जे लढता लढता शिकलो. भविष्य निर्वाह निधीच्या अर्जावर पत्नीचे नाव लिहिण्याच्या रकान्यापाशी एखाद्याची लेखणी अडते, आणि तो खालच्या आवाजात विचारतो, ‘‘साहेब, चर्चने मोडलेल्या लग्नाचे काय लिहू?’’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्हाला चारशे वर्षे मागे जावे लागले.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. तो कामगार ‘मोडलेले लग्न’ म्हणाला, तेथेच चूक होती. कॅथलिक चर्च लग्न मोडीत नाही; विधिपूर्वक लागलेले व पूर्णत्वास गेलेले लग्न मोडण्याचा अधिकार पोपलाही नाही अशी तिची शिकवण आहे. चर्च पाहते ते एवढेच, की लग्न लागले होते काय? मडके फुटणे निराळे आणि मडके भाजलेच न जाणे निराळे. फुटले तो घटस्फोट. भाजलेच नव्हते, दिसावयास मात्र मडके दिसत होते, ही विवाहशून्यता. सरकारी कायद्यातही विवाहशून्यता आहे आणि तिचाही अर्थ हाच आहे. मग भांडण कशाचे? मडके कच्चे होते हे कोणी पारखावयाचे, आणि कोणत्या खुणेवरून, ह्याचे.

साष्टी बेट १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. त्या काळी युरोपात स्त्रीपुरुषांनी एकांतात परस्परांना वरल्याचे शब्द उच्चारले तरी लग्न लागले असे चर्च मानीत असे. पुढे एकजण नाकबूल झाला की पुरावा कसला? म्हणून ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये नियम केला, की लग्न धर्मग्रामाच्या गुरूपुढे आणि निदान दोन साक्षीदारांपुढेच लागले पाहिजे आणि त्याची नोंद झाली पाहिजे. पोर्तुगालच्या राजाने दुसऱ्याच वर्षी ही सभा आपल्या राज्यास लागू केली. तेव्हा आपल्या ह्या किनाऱ्यावर त्या काळी चर्चचे न्यायालय हेच कॅथलिक लग्नाचे एकमेव न्यायालय होते. त्याने लग्न शून्य म्हटले की ते राजाच्या दृष्टीनेही शून्य. १७३७ ते १७३९ ह्या काळात साष्टी व वसई मराठ्यांकडे आली; गोरे पाद्री गेले, देशी पाद्री राहिले आणि लग्ने त्यांच्यापुढे लागत राहिली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, आणि येथून गोष्टीला खरे वळण लागते.

इंग्रजांच्या देशातही लग्नाचा न्याय चर्चच करीत असे. आठव्या हेन्रीने १५३३ मध्ये पहिले लग्न शून्य ठरवून घेण्यासाठी रोमशी फारकत घेतली, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ध्यानात घेण्याजोगे हे, की पोपला सोडूनही त्यांनी पोपच्या न्यायालयांचे जुने नियम सोडले नाहीत. इंग्लंडच्या बिशपांची न्यायालये पुढे तीनशे वर्षे त्याच जुन्या धर्मनियमांनी लग्ने तपाशीत होती. मुंबईत इंग्रजांनी सुप्रीम कोर्ट काढले त्यालाही अशी एक धर्मन्यायाची बाजू होती. १८५७ मध्ये पार्लमेंटने हा अधिकार बिशपांकडून काढून दिवाणी न्यायालयास दिला, आणि बारा वर्षांनी, १८६९ मध्ये, तोच साचा हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाच्या कायद्याच्या रूपाने येथे आणला. इंग्लंडातील न्यायालयाच्या तत्त्वांप्रमाणेच येथे निकाल द्यावेत असे एक कलमच त्यात घातले होते. ते पुसले गेले २००१ मध्ये!

ह्या कायद्यात लग्न शून्य ठरविण्याची चार कारणे सांगितली आहेत: प्रतिपक्ष लग्नाच्या वेळी आणि दाव्याच्या वेळी नपुंसक असणे, दोघांत निषिद्ध नाते असणे, लग्नाच्या वेळी एकजण वेडा वा जडबुद्धी असणे, आणि पहिला जोडीदार जिवंत असून ते लग्न कायम असणे. शिवाय बळजबरीने किंवा फसवणुकीने संमती घेतली असल्यास जिल्हा न्यायालयाचा अधिकार राखून ठेवला आहे. ही यादी घेऊन कोणाही जुन्या धर्मपंडिताकडे जावे, तो म्हणेल, ही तर आमचीच यादी! म्हणजे ज्याला आपण सरकारी कायदा म्हणतो तो चर्चच्याच घरातून वेगळा निघालेला मुलगा आहे. बापलेकांची चूल वेगळी झाली तेव्हा भांडी सारखीच होती.

पुढे मात्र बाप चालत राहिला आणि मुलगा जागच्या जागी बसला. हे आम्हाला स्वतःला विस्मयकारक वाटले, कारण चर्च म्हणजे स्थिर आणि सरकार म्हणजे प्रगत अशी आमची समजूत. चर्चच्या न्यायालयाने १७४१ मध्ये, पोप चौदावे बेनेडिक्ट ह्यांच्या काळी, ‘बंधनरक्षक’ नावाचा एक अधिकारी नेमला. नवराबायको दोघेही लग्न शून्य व्हावे असे म्हणत असतील तरी लग्नाच्या बाजूने बोलणारा कोणीतरी हवा, म्हणून हा. निकाल एकदा मिळून भागत नसे. दुसऱ्या न्यायालयाचाही तसाच निकाल यावा लागे. १९८३ च्या धर्मसंहितेने तर कारणांतच मोठी भर घातली. लग्नाची जबाबदारी पारखण्याची समजच गंभीररीत्या उणी असणे, किंवा मनाच्या काही विकारामुळे लग्नाची मूलभूत कर्तव्ये पेलण्याची ताकदच नसणे, ह्यांनीही लग्न शून्य होते असे तिने सांगितले. लग्न वाचविण्यापेक्षा वचनाच्या घटकेला मनात काय होते हे शोधण्याकडे तिचा कल. मुले नकोत असा निश्चय मनात ठेवून वचन दिले असेल, धाकाने दिले असेल, मोठी गोष्ट लपवून दिले असेल, तर ते वचनच नव्हे. एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे तिचा फार गैरसमज आहे. मूल न होणे हे चर्चच्या कायद्यात लग्न शून्य होण्याचे कारण नाही. वांझ म्हणून बायकोला माहेरी धाडणाऱ्यास तेथे आधार नाही. (तसा आधार सरकारी कायद्यातही नाही.) पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ मध्ये दुहेरी निकालाची पावणेतीनशे वर्षांची अट काढून टाकली आणि हे काम होता होईल तो विनाशुल्क व्हावे असे सांगितले.

इकडे १८६९ ची चार कारणे आजही चारच आहेत. सरकारने नवी वाट काढली ती शून्यतेतून नव्हे, घटस्फोटातून. आणि ती काढायलाही सव्वाशे वर्षे लावली. जुन्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे होई. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीस क्रौर्य किंवा दोन वर्षांचा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. जिल्हा न्यायाधीशाचा हुकूम, मग तो घटस्फोटाचा असो वा शून्यतेचा, उच्च न्यायालयाने कायम करीपर्यंत लटकत राही. डोंगरीच्या बाईने ठाण्याला जावे, तेथून मुंबईला, आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये स्त्रीपुरुषांतील हा भेद घटनाबाह्य ठरविला. २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून दोघांना सारखी कारणे दिली, परस्परसंमतीचा मार्ग उघडला आणि उच्च न्यायालयाच्या शिक्क्याची अट काढली. चांगले झाले. परंतु घटस्फोट घेतलेली कॅथलिक स्त्री चर्चच्या दृष्टीने विवाहितच राहते. तिने नोंदणी कचेरीत दुसरे लग्न केले तर तिला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. शहरात हे खपून जाते. ज्या गावात सारा समाज चर्चच्या अंगणात भेटतो, तेथे रविवारी रांगेत उभे न राहणे साऱ्या गावाला दिसते.

उलट बाजू ह्याहून कठीण आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात रोमन चर्चच्या पाद्रीने लाविलेल्या लग्नांची नोंद बिशप सांगतील त्या रीतीने ठेवावी आणि तिची विवरणे दर तिमाहीस सरकारकडे धाडावीत असे लिहिले आहे. आत येताना सरकारने चर्चचा शब्द प्रमाण मानला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चुलत-मामे नात्यातील एका कॅथलिक जोडप्याचा खटला आला, तेव्हा न्यायमूर्तींनी चर्चचा कायदाच उघडून पाहिला, आणि चर्चने नात्याची आडकाठी दूर केली होती म्हणून लग्न वैध ठरविले. हेच न्यायालय १९९६ मध्ये मात्र निराळे बोलले. केरळातील एका स्त्रीचे पहिले लग्न चर्चच्या न्यायालयाने शून्य ठरविले होते. त्या भरवशावर तिने दुसरे लग्न केले. पुढे दुसरा नवरा दिवाणी न्यायालयात गेला आणि म्हणाला, हिचे पहिले लग्न कायद्याने उभेच आहे, सबब माझे लग्न शून्य. तो जिंकला. चर्चच्या निकालाने कायद्यातले लग्न संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. म्हणजे चर्चच्या हिशेबी तिचे पहिले लग्न नव्हते आणि सरकारच्या हिशेबी दुसरे.

ह्या निकालाला तत्त्व नाही असे आम्ही म्हणत नाही. दोन पक्षांचा हक्क ठरविणारे न्यायालय लोकांना उत्तरदायी असले पाहिजे हे आम्ही मानतो. गिरणीमालकाने नेमलेल्या पंचाचा निवाडा आम्ही तरी कधी मुकाट्याने घेतला? धर्मन्यायालय पोटगी वसूल करून देऊ शकत नाही. जोडीदाराविषयी व मुलांविषयी असलेल्या कर्तव्यांची ते आठवण देते, आणि आठवणीने चूल पेटत नाही. पोटगी बजावून घेण्याची ताकद दिवाणी न्यायालयातच आहे. मुलांच्या बाबतीत मात्र चर्च अधिक उदार दिसते: आईबापांपैकी एकाने जरी शुद्ध भावनेने लग्न केले असेल तरी मुले औरसच. सरकारी कायदा हे संरक्षण ठरावीक कारणांपुरतेच देतो.

गोव्यात दुसरा प्रयोग झाला. पोर्तुगालशी व्हॅटिकनचा १९४० मध्ये करार झाला आणि १९४६ च्या हुकुमाने तेथील चर्चमध्ये लागलेल्या लग्नांच्या शून्यतेचा निर्णय चर्चच्या न्यायालयाकडेच राहिला. उच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला की तो कायद्यातही चाले. गोवा मुक्त झाल्यावरही कितीएक वर्षे ही व्यवस्था राहिली. पुढे तीही न्यायालयाच्या कसोटीस टिकली नाही. आमच्या साष्टीला ती पूर्वीही लागू नव्हती, कारण साष्टी दोनशे वर्षे आधीच पोर्तुगीजांच्या हातून गेली होती. एकाच कुळीची दोन चर्चे, एकच वचन. परंतु एकाचा राजा १७३७ मध्ये बदलला म्हणून तेथील लग्नाचा कायदा निराळा.

सारा देश एकाच नियमात आणावा, चर्चचे निकाल सर्वत्र मानावेत, अशी याचिका मंगळूरकडील एका कॅथलिक वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात केली. मुसलमानांचा तोंडी तलाक मानता, तर आमचे लेखी, साक्षीपुराव्यांनी झालेले निकाल का मानीत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. जानेवारी २०१७ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिहेरी तलाकही गेला, तेव्हा तुलनेचा तो खांबही उरला नाही.

आता त्या अर्जाच्या रकान्याकडे येतो. चर्चचा निकाल हाती असून दिवाणी हुकूम नसेल, तर कायद्याने पहिली पत्नीच पत्नी. कामगार वारल्यावर १९९५ च्या योजनेतील विधवेचे निवृत्तिवेतन तिचे. दुसरी, जिने वीस वर्षे संसार केला, ती त्या कागदावर कोणीच नाही. शिवाय पहिला जोडीदार जिवंत असता केलेले लग्न हा भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. चर्चचा कायदाही येथे गाफील नाही. राज्याचा कायदा जे लग्न मानणार नाही ते बिशपच्या परवानगीवाचून लावू नये, असे फादरांना त्याने बजावले आहे. म्हणून विचारणाऱ्यास आम्ही सांगतो: अर्ज दोन्हीकडे कर, आणि दिवाणी हुकूम हाती येईपर्यंत दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नकोस. चर्चमध्ये दाव्यास बहुधा फारसा पैसा लागत नाही. ठाण्याच्या न्यायालयात लागतो: वकिलाची फी, घोडबंदर रस्त्याचे बसभाडे, आणि प्रत्येक तारखेला बुडालेली रोजी. मासळीची पाटी घेऊन भल्या पहाटे निघणाऱ्या बाईची एक तारीख म्हणजे एक दिवसाची विक्री बुडाली, आणि बर्फातली मासळी पुढच्या तारखेची वाट पाहत नाही.