इंग्रजी शब्दसंग्रह आणि एआय साधने : विद्यार्थ्यांची मते (अहिल्यानगर जिल्हा)

चॅटजीपीटी, जेमिनी, गूगल लेन्स यांच्या मदतीने इंग्रजी शब्द शिकण्याविषयी जिल्ह्यातील, मुख्यतः मराठी माध्यमातून आलेल्या, विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन. नगरचा (पूर्वीचे अहमदनगर, आता अहिल्यानगर) इंग्रजीशी संबंध जुना. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ मध्ये सुरू झाले. अहमदनगर कॉलेज १९४७ मध्ये निघाले. राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी खरी गाठ पडते ती दहावीनंतर, सायन्सचे अख्खे पुस्तकच इंग्रजीत हाती येते तेव्हा.

पूर्वी यावर उपाय म्हणजे वीरकरांची डिक्शनरी, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि गाइड. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओने आधी १८ ते २५ वयोगटाला जेमिनीची सशुल्क सेवा १८ महिने मोफत देऊ केली. कॉलेजच्या पोरांचे वय नेमके हेच.

मुलांना आवडते ते अर्थापेक्षा उदाहरण. डिक्शनरी एका ओळीत थांबते. एआयला ‘घोडेगावच्या कांदा बाजारावर वाक्य दे’ म्हटले की लिलाव, आडत, पडलेला भाव यांत बसवलेला शब्द समोर येतो. उच्चार दहादा विचारला तरी कोणी हसत नाही. भर वर्गात चुकीचा उच्चार करून हशा ओढवून घेतलेल्याला ही सोय किती मोठी वाटते, हे सांगायला नको. तक्रारीही आहेत : उत्तर लांबलचक येते, मराठी अर्थ कधी पुस्तकी तर कधी चक्क चुकीचा असतो, आणि सकाळी पाहिलेला शब्द संध्याकाळी आठवत नाही.

शेवटची तक्रार सर्वांत महत्त्वाची. लाउफर आणि हुल्स्टाइन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार शब्द शोधायला, पारखायला जितके कष्ट पडतात, तितका तो टिकतो. आयत्या उत्तरात हे कष्टच वाचतात. मतसर्वेक्षणे मात्र बहुधा डेव्हिसच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपावर बेतलेली असतात. त्यांत साधन उपयुक्त वाटते का, सोपे वाटते का, एवढेच विचारले जाते. ‘पूर्ण सहमत’वर टिकमार्क करणाऱ्याला किती शब्द आले, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी महिन्याभराने चाचणीच घ्यावी लागते. शिवाय प्रश्नावली गूगल फॉर्मवर भरून घेतली, तर अकोले तालुक्याच्या डोंगरात रेंज नसलेल्या किंवा घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलीचे मत त्यात येतच नाही.