उरलेल्यांचा संघ

गेल्या फेस्तापूर्वीची गोष्ट. धर्मग्रामातील काही तरुण आमच्याकडे आले. फेस्तानिमित्त क्रिकेटचे सामने भरवावेत, मात्र ते केवळ कॅथॉलिक मुलांसाठी असावेत, अशी त्यांची मागणी होती. कारण विचारता त्यांच्यातील एकजण जरा कडवटपणे म्हणाला, "फादर, बाहेरच्या सामन्यांत आमची आठवण शेवटी होते. अकरा भरले नाहीत तरच आम्हांला बोलावतात. निदान आपल्या घरी तरी आपण पहिले असू."

त्याच्या बोलण्यातली सल खरी होती. आम्हीही क्षणभर मान डोलावली. परंतु रात्री विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्या या किनाऱ्याने तो फार पूर्वीपासून निरनिराळ्या रूपांत पाहिला आहे.

नवी मुंबई हे शहर १९७० नंतर वसले खरे, पण ज्या खाडीच्या काठी ते उभे आहे ती खाडी प्राचीन आहे. दहाव्या शतकात या उत्तर कोकणावर राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांची सत्ता होती. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तेथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. बंदरात सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असून त्यांचा न्यायनिवाडा त्यांच्यातीलच एक प्रमुख करीत असे, अशी नोंद मसूदीने केली आहे. डहाणूजवळच्या चिंचणी येथे सापडलेला इ. स. ९२६ चा ताम्रपट तर याहून बोलका आहे. राष्ट्रकूट राजाने संजाण प्रांताचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपविला होता. या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत लोकांसाठी मोफत नावेची व अन्नछत्राची सोय झाली, आणि त्याने राजाची अनुमती घेऊन देवीच्या मठाला जमीन दान दिली. राजा एका धर्माचा, अधिकारी दुसऱ्या धर्माचा. नावेतून मात्र सर्वांनीच नदी ओलांडली.

तो काळ सुवर्णयुगाचा होता, असे मात्र कोणी समजू नये. खाडीपलीकडच्या ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंची हत्या झाली. त्यांच्या अस्थी पुढे घेऊन जाणारा ओदोरिक हा धर्मबंधू लिहितो की, ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. शेजार आणि वैर ही दोन्ही या मातीत एकत्रच नांदत आली आहेत. त्यांतले कोणते वाढवायचे, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न क्रीडांगणावर आला. मुंबईत क्रिकेट प्रथम आत्मसात केले ते पारशी समाजाने. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात दरवर्षी सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. समुद्रकिनाऱ्यालगत एका ओळीत धर्माधर्मांचे जिमखाने उभे राहिले. आपला कॅथॉलिक जिमखानाही त्याच ओळीतला.

मग ख्रिस्ती खेळाडूंनी खेळावे कोठे? याचे उत्तर मिळायला १९३७ साल उजाडले. त्या वर्षी पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. या पाचव्या संघात भारतीय ख्रिस्ती, ज्यू वगैरे खेळाडू असत. संघाचे नाव होते 'द रेस्ट'. साध्या मराठीत सांगायचे तर 'उरलेले'. इतरांची वाटणी झाल्यावर जे शिल्लक राहिले, ते आपण!

या उरलेल्यांतच एक विजय हजारे होते. १९१५ साली सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात, एका शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेत त्यांनी मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धावा काढून विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो मोडला. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. 'उरलेल्यां'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. पराभव समोर दिसत असताना हजारे दुसऱ्या डावात उभे राहिले. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा अवघ्या २१ धावांचा. सामना एक डाव आणि ६१ धावांनी हरला, तरी लोकांच्या स्मरणात राहिली ती हजाऱ्यांची खेळी.

ही हकीगत आम्ही त्या तरुणांना सांगितली तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे फादर, वेगळा संघ होता म्हणूनच हजारे दिसले ना?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. परंतु याच हजाऱ्यांनी १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून रणजी करंडकात नाबाद ३१६ धावा काढल्या होत्या. तेथे ते कोणाच्या वाटणीतून उरलेले नव्हते.

शिवाय 'आपल्यांचा संघ' म्हटला म्हणजे त्यात सारे समान असतात, असेही नाही. हिंदूंच्या संघातील पाळवणकर बाळू यांचे उदाहरण पाहा. चर्मकार समाजातील हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेऊन आला. पण पुण्यात त्यांना चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांना कर्णधारपदी कधीच नेमले गेले नाही. १९२३ साली तो मान त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला. चाळण एकदा हातात घेतली की ती थांबत नाही. धर्माने चाळून झाले की जात येते, जातीनंतर गाव येते. आमच्याच धर्मग्रामात वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, मल्याळी, तमिळ अशी मंडळी आहेत. केवळ कॅथॉलिक मुलांचे सामने भरवले, तर पुढच्या वर्षी कोण कोणाला 'उरलेले' म्हणेल?

१९४० साली हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींना भेटली, तेव्हा धर्मावर आधारलेले संघ आपल्याला समजत नाहीत, असे मत त्यांनी दिले. स्पर्धा तरीही काही वर्षे चालली आणि १९४६ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, देश फाळणीच्या उंबरठ्यावर असताना, वडोद्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. बडोदा संघाकडून हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदांच्या ३१९. एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान. हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला. पुढे गुल महंमद पाकिस्तानचे झाले, आणि १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा कर्णधार होते विजय हजारे.

आणि आता आपल्या दाराशी घडलेली गोष्ट. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नेरूळच्या मैदानावर महिला विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात भारतापुढे ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचे लक्ष्य ठेवले होते. मुंबईची ख्रिस्ती कन्या जेमिमा रॉड्रिग्ज हिने नाबाद १२७ धावा काढल्या. कर्णधार हरमनप्रीत कौर हिच्याबरोबर तिने १६७ धावांची भागी रचली. तीन दिवसांनी त्याच मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला. ब्यांशी वर्षांपूर्वी हजारे उरलेल्यांसाठी लढले. जेमिमा देशासाठी लढली. हे अंतर कोणी आपल्याला दान म्हणून दिलेले नाही. खेळाडूंनी ते एकेक धाव काढून कापले आहे.

आमच्या तरुणांनी यावर बराच वाद घातला, आणि तो त्यांनी घालावाच. अखेर ठरले ते असे: सामने धर्मग्रामाने भरवायचे, पण संघ सेक्टरनुसार करायचे. प्रत्येक सेक्टरातील मुलगा, मग तो कोणत्याही घरचा असो, आपल्या शेजाऱ्यांसोबत खेळेल. आणि ज्याला बाहेर शेवटी बोलावतात, त्याला आपण पहिल्यांदा बोलवायचे. शेवटची ही अट त्या कडवट बोलणाऱ्या तरुणानेच घातली.